रक्ताची उजळणी

पुणे
४ डिसेंबर २०२३

तात्यामामा,

जयभीम. फोनवरचा माझा आवाज तुमच्या कानातल्या यंत्रातून पिठाच्या गिरणीसारखा येतो, आणि मोबाइलवरच्या अक्षरांना माणसाचा हात लागलेला नसतो म्हणून त्यांच्यावर तुमचा भरवसा नाही. तेव्हा हे घ्या शाईचं पत्र. सुलामामींना वाचून दाखवा, पण मध्ये मध्ये पदरचा मजकूर घालू नका.

कामाचं आधी. माझ्या पीएच.डी.च्या अभ्यासाला परवानगी मिळाली! टाइप वन डायबेटिस असलेली माणसं, म्हणजे माझ्यासारखी, ज्यांच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही आणि जी रोज सुई टोचून जगतात, त्यांच्या अंगात के जीवनसत्त्व कितपत असतं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांची तब्येत कशी असते, हे मी आपल्या जिल्ह्यात मोजणार आहे.

के मिळतं मुख्यतः हिरव्या पालेभाजीतून, आणि भाजीत थोडं तेल असलं तर ते अंगी लागतं. रक्त गोठायला ते लागतं हे जुनं ज्ञान. मला कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साचू नये म्हणून अंगात एक प्रथिन राखण करत असतं. के कमी पडलं की ते प्रथिन अर्धवट राहतं. ज्वारीत माळ्यावर राखणदार उभा आहे पण हातात गोफण नाही, असं समजा. असे बिनगोफणीचे राखणदार रक्तात किती आहेत ते मोजलं की अंगात के किती ते कळतं. डायबेटिसवाल्यांच्या वाहिन्या लवकर कडक होतात, मग हृदय आणि मूत्रपिंड त्रास देऊ लागतात. यात के कमी असण्याचा काही संबंध आहे का, ते बघायचं आहे.

पालमला आणि मानवतला शिबिरं ठरली. तिसरं जानेवारीत आपल्या पेडगावला, तुमच्या जुन्या शाळेत. आजूबाजूच्या गावांतली टाइप वनची माणसं गोळा करायचं काम तुमचं. सूचना एकच आणि पक्की: शिबिराच्या आधी कुणी खाण्यापिण्यात काहीही बदल करायचा नाही. रोज जे ताटात असतं तेच. मी स्वतः या अभ्यासात नाही, परीक्षकानं पेपर लिहून चालत नाही.

हे नीट पार पडलं तर राजेश्री मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, मला दिल्लीच्या परिषदेत बोलायला पाठवणार आहेत. पण मला दिल्लीपेक्षा जास्त हवंय ते हे, की आपल्या भागातल्या माणसांकडे कुणीतरी नीट मोजून बघावं.

तुमची
सुकेशनी


पेडगाव
१५ डिसेंबर २०२३

चि. सुकेशनीस,

जयभीम, आणि पाठीवर एक थाप. तुझे पत्र मी तीनदा वाचले. एकदा मनात, एकदा तुझ्या मामीला, आणि एकदा विहारात सगळ्यांसमोर. पदरचा मजकूर घातला, पण थोडाच.

कडूबाई म्हणाली, "गुरुजी, तुमची भाची डाक्टर झाली म्हणा की!" मी म्हटले, "डाक्टर न्हाई कडूबाई, डाक्टरला शिकवायची तयारी करायलीय." त्यावर तुझ्या मामीचा शेरा असा, की एवढी शिकून पोरगी शेवटी पाखरंच हाकायलीय व्हय! गोफणीचे तिने एवढेच मनावर घेतले.

माणसे जमवली. कडूबाईचा बजरंग, जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, तो आहे. शिवणकाम करणारी बबिता आहे. परभणीला कॉलेजात जाणारा हरिओम आहे. बाकीचे आसपासच्या गावांतून येतील. एकेकाच्या घरी जाऊन बोललो. बबिता म्हणाली, "गुरुजी, मला वाटायचं ह्या भागात मी एकटीच सुई टोचायलेय." तिला तुझे सांगितले. तू नऊ वर्षांची असताना तुझ्या वडिलांच्या बदल्यांपायी आमच्याकडे राहिलीस, इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्याला ठेवायचो, आणि वर्गात तुझा हात कापू लागला की मी फळ्याकडे तोंड करून खिशातला गुळाचा खडा काढायचो, तो इतर पोरांना दिसू नये म्हणून. लोक तेव्हा विचारायचे, पोरगी किती दिवसांची? मी म्हणायचो, तुमच्यापेक्षा जास्त दिवसांची. आता तेच लोक तुझ्या शिबिराला सतरंज्या देणार आहेत.

तुझी सूचना समजली. अशा सूचना मी चौतीस वर्षे नोकरीत वाचल्या आहेत. तू बिनघोर ये.

तुझा
तात्यामामा


पुणे
१८ मार्च २०२४

तात्यामामा,

शिबिरानंतर दोन महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा, कारण पुढचं वाचून राग टिकणार नाही.

शिबिराचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पांढरा सदरा घालून सगळ्यांना हजेरीच्या क्रमानं ओळीत बसवलं होतंत. सुई बघून बजरंगभाऊ मागे सरकले तेव्हा तुम्ही नुसतं बघितलंत आणि ते परत पुढे आले. माझ्याबरोबर आलेले दोघे इथे सगळ्यांना सांगत असतात की असं शिस्तीतलं शिबिर त्यांनी पाहिलं नाही.

आता निकाल. पालम आणि मानवत, दोन्हीकडे के बरंच कमी. आणि पेडगाव? मामा, पेडगावचं के उत्तम आहे! जवळजवळ प्रत्येकाचं. मी ते आकडे पुन्हा मोजून घेतले. राजेश्री मॅडम म्हणाल्या, या गावात लोक खातात तरी काय? मी त्यांना करडईची भाजी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, चुका, मेथी असं सगळं छाती फुगवून सांगितलं. सप्टेंबरमध्ये दिल्लीला मी नेमकं यावरच बोलणार आहे. माझं नाव छापील कार्यक्रमात आलंय. विषयाच्या नावातच पेडगाव आहे.

एक गोष्ट थोडी खुपते. के एवढं चांगलं असूनही पेडगावच्या माणसांच्या वाहिन्या पालमइतक्याच कडक निघाल्या. मॅडम म्हणतात, कारण शोधायला हवं. शोधू. पण आज नाही, आज मला फक्त आनंद झालाय. हे माझं गाव आहे, आणि ते पहिलं आलंय.

मामींना सांगा, त्यांच्या हातची भाजी दिल्लीला चालली.

सुकेशनी


पेडगाव
३० मार्च २०२४

चि. सुकेशनी,

जयभीम, जयभीम, आणि तिसऱ्यांदा जयभीम!

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी परभणीला जाऊन बॅनर करून आणला. एसटीच्या थांब्यावर लावला आहे. तुझा फोटो, वर 'पेडगावची कन्या दिल्लीला', आणि खाली एका कोपऱ्यात माझाही फोटो, नको नको म्हणताना बनवणाऱ्याने घातला. सगळ्यांना पेढे वाटले. बबिता, बजरंग, हरिओम यांना फुटाणे.

आता तुला गुपित सांगायला हरकत नाही. निकाल लागेपर्यंत मी तोंड मिटून बसलो होतो. मुख्याध्यापकाने निकालाआधी बोलू नये.

आमच्या काळात शाळेची तपासणी करायला दिपोटी साहेब यायचे. आधी पत्रक यायचे, आणि त्यात छापलेले असायचे की साहेबांच्या भेटीनिमित्त शाळेने कोणतीही विशेष तयारी करू नये. ते वाचले की आम्ही समजायचो, आता तयारीला लागा! पाढे, कविता, नखे, फळा, सगळे चकाचक. पत्रकात तसे छापायचे असते आणि आपण असे करायचे असते. तुझ्या पत्रात तीच ओळ वाचली आणि मला हसू आले. म्हटले, पोरगी साहेब झाली.

मग लागलो कामाला. विहारात पत्र वाचताना ती ओळ गाळली होतीच, भाजीचे तुला सांगू नका असेही सगळ्यांना बजावले. शिबिराआधी दोन-अडीच आठवडे तुझी मामी रोज शेतातून करडईची भाजी खुडून आणायची. मेथी, चुका बाजारातून. जुड्या बांधून दुधाच्या गाडीने गावोगाव पोचवल्या. तू तेलाचे लिहिले होतेस म्हणून फोडणीला हात सैल ठेवायला सांगितले. बजरंगला पालेभाजी बघवत नाही, त्याला धपाट्यांत मेथी घालून चारली. हरिओमचा डबा मी स्वतः उघडून बघायचो. पालमवाल्यांना असा मास्तर मिळाला असता तर तेही पास झाले असते.

पेडगाव पहिले आले ते असे. माझ्या हाताखाली आजवर एक मूल नापास झाले नाही, आणि तुझ्या परीक्षेत मी होऊ देणार होतो काय?

तुझा अभिमानी
तात्यामामा


पुणे
६ एप्रिल २०२४

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि मी प्रयोगशाळेतून उठून जिन्यात जाऊन बसले. तिथेच रडले.

राग आलाय, तो लपवत नाही. तुम्ही पाढे पाठ करून घ्यावेत तशी माणसांच्या रक्ताची उजळणी करून घेतलीत. पालेभाजी दोन-तीन आठवडे रोज पोटात गेली की रक्तातलं माप सुधारतं. वाहिन्या मात्र वर्षानुवर्षांच्या असतात, त्यांना तुमच्या मेथीची खबरही नव्हती. म्हणून के चांगलं आणि वाहिन्या कडक. मला जे खुपत होतं ते हे होतं, आणि मी आनंदाच्या भरात ते बाजूला सारलं. तेवढी चूक माझी.

आणखी एक. हृदयाच्या दुखण्यात काही जणांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते. तशा माणसानं डॉक्टरांना न विचारता अचानक पालेभाजी वाढवली तर काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो, रक्ताची गुठळी होऊ शकते. आपल्या माणसांत अशी गोळी घेणारं कुणी नव्हतं, मी काल सगळ्यांची माहिती पुन्हा पाहिली. तुम्ही प्रेमानं घातलेल्या घासानं कुणाचा तरी जीव गेला असता.

मॅडमना अजून काही बोलले नाही. आधी तुम्हाला लिहितेय. सप्टेंबरात मी दिल्लीला उभी राहून पेडगावचे लोक काय खातात ते सांगणार होते. आता काय सांगू?

सुकेशनी


पेडगाव
१२ एप्रिल २०२४

सुकेशनी,

पत्र पोचले.

एवढे चिडण्यासारखे मी काय केले, हे मला अजून कळत नाही. भाजी खोटी नव्हती. रक्त खोटे नव्हते. कुणाच्या रक्तात मी बाहेरून काही मिसळले नाही. लोकांनी चांगले खाल्ले, चांगला निकाल लागला. गोळीचे मला ठाऊक नव्हते, ती चूक मान्य.

परवा जयंती आहे. स्टेजवरून तुझे नाव घ्यायचे ठरले आहे. थांब्यावर बॅनर आहे. पालमचे माझे जुने सहकारी मुद्दाम बघून गेले. आता मी लोकांना काय सांगू, की आमची पोरगी दिल्लीला जाणार नाही, कारण तिच्या मामाने लोकांना मेथी चारली? माझ्या चौतीस वर्षांच्या इज्जतीचे काय?

लोकांना भाजी खाल्लेली ठाऊक, पण तिने निकाल बदलला हे फक्त तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तिसऱ्या कुणाला कळणार आहे? मॅडमना काही सांगू नको. एवढे माझे ऐक.

तात्यामामा


पुणे
२२ एप्रिल २०२४

तात्यामामा,

कुणाला कळणार आहे, असं तुम्ही विचारलंत. मी आठ दिवस त्यावर विचार केला.

मामा, मी आकड्यावर जगते. रोज बोट टोचते, आकडा बघते आणि तेवढं इन्सुलिन घेते. आकडा खोटा निघाला तर डोस चुकतो, आणि डोस चुकला तर मी झोपेतून उठत नाही. हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असेल तर तुम्हाला. शुगर तपासायच्या आदल्या दिवशी भात सोडणारी आणि डॉक्टरांची शाबासकी घेऊन घरी येणारी माणसं आपल्याकडे किती आहेत! डॉक्टर खूश होतात, आणि औषध होतं तेवढंच राहतं. तुम्ही तेच अख्ख्या पंचक्रोशीचं केलंत.

उद्या हा आकडा छापून आला की कुणीही म्हणेल, तिकडच्या लोकांचं के उत्तम आहे, तिकडे बघायची गरज नाही. कागदावर बबिता पास असेल आणि अंगात तिच्या वाहिन्या कडक होत जातील. परीक्षा पोराची असते मामा, पण तपासणी दुखण्याची असते. तिथे पास होऊन काय मिळवायचं?

परवा मॅडमना सगळं सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही, पण 'माझे मामा' असं म्हटलं, कारण खरं तेच आहे. त्यांनी तिन्ही शिबिरांचे आकडे पुन्हा समोर घेतले. मग म्हणाल्या, पेडगावचे नमुने बाद, दिल्लीचं भाषण मागे घे. नमुने पुन्हा घ्यायचे आणि तेही पुढच्या जानेवारीतच, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे भाजी फारशी नसते, तेव्हा घेतले तर तुलना पुन्हा चुकीची. म्हणजे माझं वर्ष गेलं. मी उठताना मॅडम एवढंच म्हणाल्या, की तू सांगितलंस ते बरं केलंस.

माझा तुमच्यावर जीव आहे. त्यात तसूभर फरक नाही. पण तुमचं हे मी ऐकणार नाही. तुम्हीच मला असं वाढवलंत.

सुकेशनी


पेडगाव
९ जुलै २०२४

सुकेशनी बाई,

मी सुलामामी. बोलणारी मी हाय, लिवणारी बबिता. तिला म्हनलं, मी जसं बोलंन तसंच लिव, शाळेतलं करू नको.

तुजे मामा पत्र लिवायला बसतेत नि कागद फाडतेत. तुजं पत्र आलं तवापासून आठ-पंधरा दिस कुणाशी धड बोलले न्हाईत. मी म्हनलं, "कामून असं करायलात? पोरीनं काय शिव्या दिल्या का?" तर म्हनले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मंग बुद्धपौर्णिमेला विहारात समदे जमले. खीर वाटायच्या आधी हे उठले. मला वाटलं, आता भाषण ठोकतेत. तर म्हनले, "म्या माज्या भाचीचा अभ्यास नासवला. तिनं सांगितलं व्हतं खाण्यात बदल करू नका, म्या केला. आपला निकाल खोटा हाय. पोरीची चूक न्हाई, माजी हाय." एवढं बोलून उभेच राह्यले. खाली बसायचं भान न्हाई. कडूबाई म्हनली, "आरं देवा! गुरुजी, तुमी बी चुकता म्हणा की!" बजरंग म्हनला, "म्हंजी ते मेथीचे धपाटे म्या फुकटच खाल्ले व्हय?" समदे हसले. हे बी हसले, पण डोळ्याला रुमाल लावून.

त्याच्यानंतर दुधाच्या गाडीत बसून गावोगाव गेले. ज्याला ज्याला भाजी धाडली व्हती त्याच्या दारात जाऊन सांगितलं. ऊन लय व्हतं. मी म्हनलं, बबिताला सांगा, ती मोबाइलवर कळवंल. तर म्हनले, भाजी घरपोच दिली, तर हे बी घरपोच द्यावं लागतं. बॅनर बी सोत्ताच्या हातानं काढला. आता तो आपल्या शेळीच्या छपरावर हाय, पाणी गळत न्हाई.

ह्यांच्यासंगं माझा जलम गेला. ह्यांना नावाजणारे लय पाह्यले. पर त्या दिशी विहारात उभे व्हते तसे मला कधी दिसले न्हवते. लय उंच दिसले. तू पत्र लिव त्यांना. तू लिवल्याबिगर ते लिवणार न्हाईत.

तुजी मामी, सुलाबाई

ताई, मी बबिता. पुढच्या जानेवारीत माझं रक्त पुन्हा घ्या. गुरुजी सांगायला आले तेव्हा आधी मला राग आला. नंतर विचार केला, माझा खरा आकडा किती हे मला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. तो मला हवा आहे. खाण्यात बदल करणार नाही, शब्द देते. इतरांवरही लक्ष ठेवते, पण डबे उघडून नाही.


पुणे
२० मार्च २०२५

तात्यामामा,

निकाल लागला. बसून वाचा.

आधी जानेवारीचं बोलते. शिबिराच्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून, शाळेकडे पाठ करून बसला होतात. सगळी माणसं आली, रक्त देऊन गेली, तुम्ही कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. हरिओमनं जाताना तुम्हाला वाकून नमस्कार केला तेव्हा तुम्ही त्याला हातानंच पुढे जायची खूण केलीत, जणू बोललात तर त्याचं रक्त बदलेल.

तर निकाल असा, की पेडगाव नापास. के पालम-मानवतइतकंच कमी, उलट थोडं आणखी कमी. आणि आता सगळं एका रांगेत बसतं. ज्यांचं के कमी, त्यांच्या वाहिन्या जास्त कडक, तिन्ही ठिकाणी. के कमी म्हणूनच वाहिन्या कडक झाल्या असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला पालेभाजी परवडत नाही त्याला इतरही पुष्कळ परवडत नसतं, आणि ज्याची शुगर वर्षानुवर्षं चढलेली असते त्याच्या वाहिन्या तशाही कडक होतात. पण दोन्ही हातात हात घालून चाललेत, एवढं आता खरेपणानं सांगता येतं. नागपूरला एका परिषदेत भिंतीवर तक्ता लावायची जागा मिळाली आहे. दिल्लीचा मंच नाही. पण त्या तक्त्यापुढे मी मान वर करून उभी राहीन.

प्रबंधात एक परिच्छेद घातलाय. पहिल्या वेळचे नमुने का बाद केले, ते सगळं जसं घडलं तसं. नियमानं नाव घालता येत नाही, म्हणून 'एक स्थानिक संयोजक' असं लिहिलंय. मला ते आवडलं नाही, मला 'माझे मामा' लिहायचं होतं.

आता खरी बातमी. मॅडम म्हणतात, तुमच्या मामांनी केलं तेच आता रीतसर करू. आधी रक्त घ्यायचं. मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना वर्षभर जमेल तेवढी हिरवी भाजी द्यायची, अर्ध्यांना नाही. मग पुन्हा मोजायचं. भाजीनं नुसतं रक्तातलं माप बदलतं की वाहिन्यांनाही काही फायदा होतो, ते त्यातून कळेल. गोळ्या घेणाऱ्यांची चौकशी आधीच होईल. मॅडमनी विचारलं, पेडगावची बाजू कोण सांभाळेल? मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, चालेल.

अट एकच. ज्यांना भाजी द्यायची नाही त्यांना वर्षभर द्यायची नाही. कळवा.

तुमची
सुकेशनी


पेडगाव
२ एप्रिल २०२५

प्रिय सुकेशनी,

जयभीम.

पत्र घेऊन मी सरळ विहारात गेलो. जमतील तेवढ्यांना जमवले आणि मोठ्याने वाचले. या वेळी पदरचा एक शब्द घातला नाही, शपथ. "पेडगाव नापास" या ओळीला आवाज थोडा चढला असेल. बजरंगने विचारले, "गुरुजी, नापास झालो नि तुमी हसायलात कामून?" मी म्हटले, "बाबा, तुझा खरा आकडा पहिल्यांदाच कुणीतरी मोजलाय. आता तुझ्यावर इलाज करायला डॉक्टरला खरं काहीतरी हाती आलं." कडूबाई म्हणाली, "मंग पोरीला सांगा, एवढ्या लांबून येऊन आमाला नापास केलं, लय उपकार झाले." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तुझ्याकडून फोनवर कळलेला स्वतःचा आकडा बबिताने कागदावर लिहून घेतला आणि पुढच्या तपासणीला घेऊन जाते म्हणाली.

चौतीस वर्षे मी मुलांना पास करत आलो. त्यातली बरीच माझ्या तयारीने पास झाली, हे मला ठाऊक आहे, आणि दिपोटी साहेबांनाही ठाऊक असावे. माझे चुकले असे आजवर एकाही विद्यार्थ्याने मला सांगितले नाही. तू सांगितलेस, वर्ष घालवून सांगितलेस, आणि माझ्यावरची माया उणी होऊ दिली नाहीस. गावात लोक विचारतात, गुरुजी, भाचीनं काय शोधलं? मी आधी के जीवनसत्त्वाचे सांगतो. मग सांगतो की तिने तिच्या मामाची चूक शोधली. दोन्ही सांगताना मला सारखाच अभिमान वाटतो. तू खोटे बोलून दिल्लीला गेली असतीस तर मी आणखी मोठा बॅनर केला असता, आणि तुला ओळखलेच नसते.

आता तुझ्या मॅडमच्या कामाबद्दल. त्यांनी मला चालेल म्हटले, हे वाचून मी पत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ अंगणात फिरून आलो. तुझ्या मामीने विचारले, काय झाले? मी म्हटले, पुण्याहून मान आलाय.

पण ते काम मला देऊ नको. बबिताला दे, तू जशी आपल्या अभ्यासाबाहेर राहिलीस तशी तिला बाहेर ठेव. ती कडक आहे, सख्ख्या भावाने मागितली तरी नियमाबाहेर एक जुडी देणार नाही. माझे तसे नाही. मी सगळ्या सूचना वाचीन, हो म्हणेन, मनापासून म्हणेन. आणि एखाद्या दिवशी समोरच्या दारात बजरंगचे ताट कोरडे दिसेल, ज्याच्या नावाची चिठ्ठी भाजीत निघालेली नाही. तुझ्या मामीचे मेथीचे धपाटे माझ्या हातात असतील. सुकेशनी, माझा हात मागे राहणार नाही. हा माझा खरा आकडा आहे. मॅडमना असाच कळव.

तुझा
तात्यामामा